वरचे दोन मजले आणि आंदणाची भांडी

माझा उजवा गुडघा शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यात आहे. असं म्हटलं की नवी माणसं माझ्याकडे जरा जपून बघतात. आमच्या गल्लीतल्यांना मात्र बरोबर समजतं, कारण कुणाची पोरीच्या लग्नाची शिल्लक त्या घराच्या फरशीत आहे, कुणाची पेन्शन जिन्यात आहे आणि समोरच्या मॅडमचं काशी-रामेश्वर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत आहे.

झालं असं की वर्धेजवळच्या पिपरी मेघेत मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजच्या पोट्ट्यांसाठी मेस चालवली. अजूनही बारा जण जेवायला येतात. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही नाचणगावच्या शाळेत. पुढचं सगळं पोट्ट्यांनी खोली सोडताना मागं टाकलेल्या पुस्तकांवर झालं. त्यातली निम्मी यंत्रांची होती, मी तीही वाचली. उभं राहून पोळ्या लाटून लाटून गुडघे गेले, तर ऑपरेशनसाठी पावणेदोन लाख बाजूला काढले होते. शेजारच्या पोराला ते कळलं. पोरगा म्हणजे चाळिशीतला बाप्या, पण माझ्यासमोर लहानाचा मोठा झालेला. त्यानं तेव्हा दामदुपटीची योजना काढली होती. तो म्हणाला, मावशी, एकाच गुडघ्याचं कायले करता, माझ्याकडे ठेवा, तीन वर्षांत दोन्ही गुडघ्यांचे होऊन जातील. मी ठेवले. तीन वर्षांत गुडघे काही झाले नाहीत, त्याच्या घरावर मात्र दोन मजले चढले.

पुढचं तुम्ही पेपरात कुठल्या ना कुठल्या गावाचं वाचलेलंच असेल. योजना बुडाली, पोलीस आले, केस चालली, त्याला शिक्षा झाली, तो नागपूरच्या जेलात गेला. घरात राहिल्या तिघी: त्याची म्हातारी आई, बारावीतली पोरगी आणि बायको. कोर्टानं सांगितलं की मालमत्ता जप्त करून विकायची आणि ठेवीदारांना त्यांच्या वाट्याचे पैसे द्यायचे. म्हणजे सरळ हिशोब असा, की ते घर गेलं तर माझा गुडघा परत येतो आणि घर राहिलं तर मी लंगडत राहते.

गल्लीत त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. भाजीवाला आला तरी कोथिंबिरीच्या जुडीवर न्यायनिवाडा व्हायचा. समोरच्या मॅडम, म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या, त्या सगळ्यांत कडक. त्यांचं म्हणणं, दाराच्या कड्यासकट सगळं न्यावं, तुळशीचं वृंदावनसुद्धा आपल्याच पैशाचं आहे. त्या बाईनं इतकी वर्षं गोड गोड खाल्लं, हातात चार-चार बांगड्या घातल्या, तेव्हा कधी नवऱ्याला विचारलं का, की हे कुठून आलं? मला ते पटायचं. मग रात्रीच्या पोळ्या लाटताना दुसरं मन म्हणायचं, तू विचारलं होतंस का, की तुझे पैसे दुप्पट कुठून होणार? आमचे हे मात्र एकच वाक्य बोलायचे. ते म्हणायचे, कोर्ट पाहून घेईल, तू पोळी पाहा, जळून राह्यली.

अशात एका दुपारी ती आली. शेजारच्याची बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून मला मावशी म्हणते. अल्लीपूरची मुलगी, शेतकऱ्याच्या घरातली, शिवणकामात हात इतका साफ की काजं करताना बघत राहावं. शिक्षेनंतर ती बाहेर पडायचीच नाही, त्यामुळे मला कळेना तिला बसायला कसं सांगावं. म्हणून मी तिच्यापुढे सोलायच्या लसणाचं सूप सरकवलं. माझ्याकडे कुणी दुःख घेऊन आलं की मी लसूण सोलायला देते. हातांना काम असलं की तोंड मोकळं होतं, आणि माझाही लसूण होतो.

तिनं दोन गड्डे सोलले आणि मग ब्लाऊजमधून घडी केलेला कागद काढला.

"मावशी, एक सही पाह्यजे होती."

मी चष्मा लावून वाचलं. वकिलानं टाइप करून दिलेलं होतं. त्यात असं होतं की, मी शेजारीण या नात्यानं सांगते, सदर महिलेनं लग्नापासून शिवणकाम करून स्वतः कमाई केली आणि त्या कमाईतून घराचे वरचे दोन मजले बांधले, नवऱ्याच्या योजनेचा त्यात एक पैसाही नाही. खाली माझ्या नावासाठी रेघ. जप्तीची यादी करायला सरकारी माणसं येणार होती आणि वकिलाला हे त्याआधी हवं होतं.

आता मला सांगा, मी काय करायचं? मी मनात ब्लाऊज मोजायला लागले. दोन मजले, वर फरशी, वर टाकी. एवढे ब्लाऊज शिवायचे म्हणजे वर्धा कमी पडेल, हिंगणघाट आणि पुलगावच्याही सगळ्या बायका धराव्या लागतील, आणि त्यांनी दर महिन्याला जाड व्हायला पाहिजे. मी तिला तसं म्हटलंही. ती हसली नाही.

"मले माहीत आहे खोटं आहे," ती म्हणाली. "पण पोरीले घेऊन कुठं जाऊ? तिची बारावी आहे. तिनं तं कोणाचे पैसे नाई घेतले."

मी सही केली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कागद पोळपाटाखाली ठेवला. ती जाताना सोललेला लसूण वाटीत नीट भरून गेली. त्यानं मला जास्त वाईट वाटलं.

चार दिवसांनी कलेक्टर ऑफिसातून साहेब आले, सोबत एक क्लार्क आणि फोटो काढणारा. पंचनाम्याला दोन पंच हवे होते. साहेब म्हणाले, ज्यांचे पैसे या योजनेत अडकलेले नाहीत असे दोघं द्या. गल्लीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एक जण मिळाला, तर तो कालच भाड्यानं राहायला आलेला होता आणि त्याला घराचे दरवाजे किती हेही माहीत नव्हतं. बाकीच्या पुरुषांना पंच म्हणजे कोर्टाच्या तारखा हे पक्कं ठाऊक, त्यामुळे कुणाला गाईला पाणी पाजायचं आठवलं, कुणाला ताप आला. आमच्या ह्यांच्याकडे गाय नाही, तरी तेही गेले. साहेबांनी घाम पुसला आणि विचारलं, निदान सही करता येईल असं कोण आहे? मॅडम पुढे झाल्या, त्यांच्यामागे मी.

घर वरपासून खाली लिहिलं गेलं. वरचे दोन मजले, पलंग, फ्रिज, टीव्ही, पोरीच्या खोलीतलं टेबल. पोरगी टेबलावर पुस्तकं पसरून बसलेली होती, क्लार्कनं तिला उठवलं नाही, टेबल तसंच लिहिलं. सोनं आधीच पोलिसांनी नेलेलं होतं. खालच्या मजल्यावर येईपर्यंत सगळं शांतपणे झालं. मग स्वयंपाकघर आलं आणि साहेब बाहेर वळले. म्हणाले, रोजच्या वापरातली भांडी आम्ही जप्त करत नाही, तसा नियम आहे.

मॅडम तिथेच उभ्या राहिल्या. "काऊन नाई? आमच्याच पैशाची आहेत. लिहा."

साहेबांनी दोनदा समजावलं. मॅडमनी बत्तीस वर्षं चौथी-पाचवीला शिकवलेलं, त्यांना समजावणं सोपं नसतं. त्या स्टुलावर चढल्या आणि फळीवरची भांडी खाली द्यायला लागल्या. मी घेत गेले. खरं सांगते, मलाही उत्साह आला होता. गुडघा मिळत नसेल तर निदान एखादी परात तरी लिहिली जावी, असं मला वाटलं.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे, ती त्या दिवशी कामाला आली. पहिला खाली आला तो पितळी गुंड, पाण्याचा. त्यावर तिच्या वडिलांचं नाव, अल्लीपूर, आणि लग्नाची तारीख. आंदणाचा. मग पातेल्यासारखा गंज, पसरट कोपर, पाण्याचे पाच गडवे, सगळे आंदणाचे, एकेकावर मामाचं नाव, एकेकावर आत्याचं. ते आम्ही मुकाट्यानं बाजूला ठेवले. बापानं दिलेलं कोण नेणार, हे मॅडमनाही मान्य होतं. मग स्टीलची मोठी परात आली. मॅडमनी ती उजेडात धरली, नाव वाचलं आणि स्टुलावरच बसल्या. त्यांच्या मेलेल्या सासूचं नाव होतं. सात वर्षांपासून हरवलेली परात. त्या परातीवरून त्यांनी मोलकरणीला काढलं होतं.

"गोपाळकाल्याले नेलती मी," शेजारीण हळूच म्हणाली. "द्यायची राह्यली."

मॅडमनी परात मांडीवर घेतली. पुढे निघाले तीन मोठे झारे, त्यांवर माझ्या मेसचं नाव. मी ते पदराखाली घेतले. साहेब दाराशी उभे राहून बघत होते. त्यांना आता मजा वाटायला लागली असावी, कारण त्यांनी क्लार्कला पेन खाली ठेवायला सांगितलं.

मग आले डबे. एकाच आकाराचे, झाकणावर शेजाऱ्याचं नाव आणि त्याच्या योजनेचं नाव, दिवाळीच्या शुभेच्छा. मॅडम परत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हे पाहा साहेब, हे तरी त्याच पैशाचे आहेत ना, हे तरी लिहा.

इतका वेळ म्हातारी सासू कोपऱ्यात बाजेवर बसून होती. ऐंशीची बुढी, कमी ऐकते असं सगळे धरून चालतात. ती म्हणाली:

"लिहा साहेब. माह्या पोराचं नाव असलेलं सारं लिहा. पण मंग याच घरात काऊन थांबता? दर दिवाळीले त्यानं साऱ्या गल्लीले डबे वाटले. त्या समोरच्या घरी दोन आहेत. या मेसवालीच्या घरी तीन. कोणी परत नाई केले."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. माझ्या घरी खरोखर तीन डबे होते, एकात तुरीची डाळ, एकात साखर, एकात पोट्ट्यांच्या नाश्त्याचे पोहे.

"ती भेट होती," मॅडम म्हणाल्या.

"तेच तं म्हणून राह्यली मी," बुढी म्हणाली. "त्यानं बायकोलेही भेट म्हणूनच दिलं. तिनं विचारलं नाई. तुम्ही विचारलं?"

पुढे काय झालं ते सांगताना मला आजही हसू येतं. मॅडम तडक आपल्या घरी गेल्या आणि दोन्ही डबे घेऊन आल्या, एकातले शेंगदाणे वाटेत सांडत. त्यांनी आणले म्हटल्यावर बाजूच्यांना आणावेच लागले. अर्ध्या तासात गल्लीतल्या बायका रांगेनं येऊन शेजारणीच्या ओट्यावर डबे ठेवून गेल्या. मीही डाळ ताटात ओतून माझे तीन आणले. साहेब हात जोडून म्हणाले, बायांनो, हे न्यायला माझ्याकडे गाडी नाही आणि कागदावर रकानाही नाही. सह्या घेऊन, वरच्या मजल्यांना सील ठोकून ते जीपमध्ये बसले आणि निघून गेले. म्हणजे ज्या घराची संपत्ती काढून घ्यायची म्हणून गल्ली बसली होती, त्या घरात त्या दिवशी बावीस डबे जास्तीचे जमा झाले.

आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत त्याच बायका एक-एक करून तिच्या दारात गेल्या. डाळीला मुंग्या लागून राह्यल्या, एखादा डबा मिळेल का, जरा वापरायला? तिनं सगळ्यांना दिले. मलाही तिनं तिन्ही परत दिले आणि कागदाचं एका शब्दानं विचारलं नाही.

बुढीचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. त्यावरून मला असं वाटायला लागलं की चोरी माहीत नसणं आणि चोरीचा माल आपला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डबा मला भेट म्हणून मिळाला, माझी चूक काही नाही, तरी तो माझ्याच कोणा शेजारणीच्या पैशातून आला होता, हे खरंच ना? तसंच तिचं. तिला शिक्षा कशाची? कशाचीच नाही. पण वरचे मजले तिचे कसे? मग उरतं काय? जे त्या पैशाच्या आधीपासून होतं ते. आणि तिच्या हाताचं.

आणि तेवढं तर मला माहीत होतं. त्या घरात लग्न होऊन तिला आणलं तेव्हा खाली दोनच खोल्या होत्या, तिच्या सासऱ्यानं बांधलेल्या. त्याच्या स्लॅबच्या दिवशी मजुरांचा चहा माझ्याकडून गेला होता, योजना तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हती. शिलाई मशीन तिच्या आंदणातलं, तेही बैलगाडीतून उतरवताना मी हात लावला होता. मी पोळपाटाखालून वकिलाचा कागद काढला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्या अक्षरात लिहिलं. खालच्या दोन खोल्या योजनेच्या आधीच्या, सासऱ्याच्या कमाईच्या. मशीन माहेरचं. भांडी वडिलांच्या नावाची, मी स्वतः वाचलेली. वरचे दोन मजले योजना सुरू झाल्यानंतरचे, ते कुठल्या पैशातून झाले हे मला माहीत नाही, पण ब्लाऊजच्या पैशातून झाले नाहीत हे माहीत आहे. खाली सही. आमच्या ह्यांनी वाचून दाखवायला सांगितलं आणि एवढंच म्हणाले की ब्लाऊजचा उल्लेख कोर्टात करू नये. मी तो ठेवला.

मी कागद घेऊन गेले तेव्हा ती मशीनवर बसली होती. तिनं उभ्यानं वाचलं, दोनदा वाचलं.

"वरचं म्हणजे माह्या पोरीची खोली, मावशी."

"हो. मले माहीत आहे."

"तुमच्या गुडघ्यासाठी."

मला राग यायला हवा होता, पण ती चूक बोलत नव्हती. माझा गुडघा त्यात होताच, तो मी कशाला लपवू? मी म्हटलं, गुडघ्यासाठीही, आणि मॅडमच्या काशीसाठीही, आणि तुझ्यासाठीही, कारण वकिलाचा कागद खोटा निघाला तर खालच्या खोल्याही जातील, मग खऱ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. तिनं कागद माझ्या हातात परत दिला. मी कागद मशीनवर ठेवून परत आले. त्यानंतर पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. समोरून आली तर पदराचं टोक नीट करत जायची, जणू ते फार तातडीचं काम आहे. मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर मन हलकं होतं. माझं काही झालं नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी बुढी काठी टेकत आली आणि म्हणाली, चल, कोर्टात जायचं आहे, तुह्या सहीवर तुलेच हजर राहा लागते म्हणे. बाहेर आले तर ऑटोत सून बसलेली होती, मांडीवर फाइल. त्यात माझाच कागद होता, वकिलाच्या बाजूवर तिरकी रेघ मारून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. मी दुसऱ्या टोकाला बसले, बुढी आमच्या दोघींच्या मध्ये, आणि वर्धेपर्यंत तिघी गप्प. बोलायचं म्हटलं तर मला दोन कोस रस्ता पुरत नाही, तेव्हा तुम्हीच समजा माझं काय झालं असेल.

कोर्टात खिडकीवरच्या माणसानं विचारलं, तुम्ही ठेवीदार का घरच्यांच्या बाजूच्या साक्षीदार? मी म्हटलं, दोन्ही. तो म्हणाला, बाई, एकच सांगा, रांगा वेगळ्या आहेत. मी त्याला सांगितलं, भाऊ, माझे पावणेदोन लाख त्या घरात गेलेत, आणि या घरच्यांच्या खालच्या दोन खोल्या मी बांधताना बघितल्यात, दोन्ही खरं आहे, तूच सांग कुठल्या रांगेत उभी राहू. त्यानं मागं बघितलं, साहेब जागेवर नव्हते. मग म्हणाला, बसा त्या बाकावर, तिघी एकत्रच बसा, नाव पुकारलं की या.

निकाल अजून यायचा आहे. पुढच्या तारखेला खालच्या खोल्या वेगळ्या काढायच्या का यावर बोलणी होणार आहेत, वरच्या मजल्यांना सील तसंच आहे. त्या बाकावर आम्ही दोन तास बसलो. बुढी झोपली. तिच्या सुनेनं समोरच्या भिंतीकडे बघतच मला विचारलं:

"वरचं विकल्यावर तुमच्या वाट्याचे पैसे आले, तं तुम्ही घेसान?"

"घेईन ना," मी म्हटलं. "सोडते काय."

तिनं मान हलवली. थोड्या वेळानं बुढीचं डोकं तिच्या खांद्यावरून घसरून माझ्याकडे आलं, तेव्हा तिनं हात लांब करून ते सावरलं, आणि हात तसाच आमच्या मध्ये ठेवला. पोरीचा अभ्यास आता खालच्या खोलीतच, मशीनच्या बाजूला चालतो, असं तिनं सांगितलं. मशीनचा आवाज होतो म्हणून पोरगी कानात कापूस घालते. मी म्हटलं, परीक्षेपर्यंत माझ्या मेसची मागची खोली रिकामी आहे, दुपारी दोन ते सहा तिथं कुणी नसतं, पाठवजो तिले. भाडं नाही, पण लसूण सोलावा लागेल. ती म्हणाली, लसूण ती सोलत नाई, तिले वास आवडत नाई. मी म्हटलं, मग मेथी निवडेल. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, उद्यापासून पाठवते.